छाट

विडी घरकुलात आधी जर्दा भेटतो, नाकात;
माणसं नंतर.
मी शिंकत शिंकतच शिरले नरसव्वा गुंडेटीच्या दारात,
छातीशी फाईल, फाईलमध्ये फॉर्म,
फॉर्मात एक रकाना : समस्या.
रकाना दीड इंचाचा.

ती उंबऱ्यात. मांडीवर सूप,
ओल्या पानावर पत्र्याचा फर्मा, हातात कात्री.
मी विचारलं, महिन्याचं उत्पन्न?
ती म्हणाली, बसा की.
मी विचारलं, कमावती माणसं किती?
ती म्हणाली, ऊन लै आहे, आधी पाणी प्या.
कात्री थांबली नाही.
मी लिहिलं : क्लायंट सहकार्य करत नाही.

शनिवारी कोनापुरे मॅडमनी त्या ओळीखाली
लाल पेनाने एवढंच विचारलं :
"तू पाणी प्यालीस का?"

पुस्तकात तत्त्वं सात.
मला पाढ्यासारखी पाठ,
स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय, पुढची चार,
सातांना चौदा मार्क.
पाणी त्यात कुठेच नव्हतं.

मंगळवारी फाईल पिशवीतच ठेवली.
पाणी प्याले. तिने सूप माझ्याकडे सरकवलं.
माझी पहिली विडी पोटुशी,
दुसरीच्या तोंडातून जर्दा सांडला,
तिसरीचा दोराच सुटला.
ती तेलुगूत शेजारणीला काही म्हणाली,
शेजारीण भिंतीला टेकून हसली.
मग मला कळेलशा मराठीत :
"ब्रँचला चेकर असतो. मूठभर उचलतो, चाचपतो,
नाही पटली की बाजूला. छाट.
छाटाचे पैसे नाहीत. पान गेलं ते गेलंच."
बराच वेळ नुसता दोरा.
"तू पण तेच बघायला आलीस ना,
कोण चांगलं, कोण छाट?"

उत्तर होतं माझ्याकडे, तिसऱ्या प्रकरणात.
दिलं नाही. पान कापत राहिले.

दसऱ्याच्या सुमारास तिनेच सांगितलं,
दोरा तिला दिसत नाही.
वर्ष झालं. बोटंच बघतात.
कार्ड तिच्या नावाचं, पीएफ तिचा,
अर्धा माल रात्री वळते रेणुका, बारावीतली पोर.
"ब्रँचला कळलं तर..."
वाक्य तिने विडीच्या टोकासारखं
आत दुमडून घेतलं.

मुनीम भेटला, अशोक चौकात, रिक्षाची वाट बघताना.
"काय बाई, आमच्या नरसव्वाची नजर कशी काय?"
म्हटलं, तिलाच विचारा, लांब राहत नाही.
फॉर्मातही लिहिलं नाही.
कोरी ओळ इतक्या जपून
मी कधी सोडली नव्हती.

सिव्हिलमधली मोतीबिंदूची तारीख आणली.
रिक्षाचं भाडं ठरवलं, डबा कोण देणार तेही.
सगळं ठरवून झाल्यावर तिला सांगितलं.
"गड्डा होऊ दे," ती म्हणाली.
पण तारीख...
"डोळे कुणाचे?"

गड्डा झाला. मैदानावरचे पाळणे उतरले.
मग रेणुकाची परीक्षा.
मॅडम म्हणाल्या, थांबता येतं का तुला?
येत नव्हतं. थांबले.
राग आला तो मॅडमना दाखवला, तिला नाही;
निदान तसं मला वाटतं.

एप्रिलात, मी आठवडाभर गावी असताना,
शेजारणीला घेऊन ती गेली.
आपली आपण.

मी परतले तेव्हा पट्टी निघालेली,
काळा चष्मा कपाळावर सरकवलेला.
तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
"एवढीशीच आहेस होय तू?
आवाजावरून थोराड वाटायचीस."

पाणी आलं. सूप आलं. बोलता बोलता
मीही दहाबारा वळल्या, आता हात बसलाय असं समजून.
तिने सूप दारातल्या उजेडाला धरलं
आणि एकेक करून, न चुकता,
माझ्या तेवढ्या बाजूला काढल्या.

"छाट," ती म्हणाली.
"बस. दोरा जरा आवळून धर."